रोज दहा नको, अडणारे दोनच घ्या

वर एका ताईंनी पहिलीतल्या लेकराकडून इंग्रजीचे रोज दहा शब्द पाठ करून घ्यायला सांगितलंय. मला ते पटत नाही. आपली लेकरं मराठी काना-मात्रेसकट उच्चारून वाचतात. म्हणून लातुरात माझी नात एस-ए-आय-डी बघून 'सैद' म्हणायची, अन् तिच्या हिशेबानं ते बरोबरच होतं! मग तिला दाखवलं, पहिलं अन् शेवटचं अक्षर नेहमीसारखंच वाजतं, मधली ए-आयची जोडी तेवढी आपल्या एका मात्रेसारखी वाजते, म्हणून 'सेड'. ती जोडी लाल खडूनं शहाबादी फरशीवर गिरवली. डॉल्च या अमेरिकी शिक्षणतज्ज्ञांच्या १९३६ च्या यादीत इंग्रजीत नेहमी येणारे २२० शब्द आहेत, पण 'इट', 'रन' सरळ उच्चारून वाचता येतात. ते पाठ कशाला? अडलेले दोन त्याच दिवशी गोष्टीत शोधायला लावा.