आई ७८ ची, म्हणते मी आता देवाच्या काय कामाची

कॅम्पकर: आई ३० वर्षं चर्चच्या कोयरमधे (गाणाऱ्यांच्या गटात) गायली, आता गुडघे गेलेत, चर्चच्या पायऱ्या चढवत नाहीत. रविवारी मोबाईलवर उपासना लावून देतो पण परवा बघितलं तर चष्मा बायबलवर ठेवून नुसती बसलेली, अर्ध्या तासात पान उलटलं नाही. काय बोलू तिच्याशी?

वानवडीची ताई: बायबलमधलं स्तोत्र ७१ वाचून दाखव रे. म्हातारा माणूस सरळ देवाला म्हणतोय की ताकद चाललीये, आता टाकू नकोस. आणि पुढे १८ व्या वचनात पुढच्या पिढीला तुझं सामर्थ्य सांगेपर्यंत सोडू नकोस असंही म्हणतो, म्हणजे बघ, काम शिल्लक आहेच.

जुना पुणेकर: वचनं तिला तुमच्यापेक्षा जास्त पाठ असतील हो 😀 माणसं हवीत. पाळकसाहेबांना (चर्चच्या पाद्रींना) सांगा, घरी येऊन प्रभुभोजन (उपासनेतली भाकर-द्राक्षारस) देतात, माझ्या वडलांना द्यायचे.

केडगावची लेक: पंडिता रमाबाईंचं सांगा त्यांना. मुलगी मनोरमा १९२१ मधे गेली, स्वतःची तब्येत ढासळलेली, तरी हिब्रू-ग्रीकवरून बायबलचं सोप्या मराठीत भाषांतर चालूच, ते पुरं केलं आणि एप्रिल १९२२ मधे गेल्या, ६३ वर्षांच्या. अर्थात आईला लगेच भाषांतराला बसवू नका.

कॅम्पकर: 😂 थँक्यू सगळ्यांना. पाळकांना फोन केला, गुरुवारी येतायत. आई आत्तापासूनच विचारतेय चहाबरोबर काय करायचं.