‘सेट’ या शब्दाचे इतके अर्थ लक्षात कसे ठेवावेत?

प्रश्न (अंबड, जि. जालना):
माझ्या मुलीला इंग्रजी वाचताना ‘सेट’ हा शब्द दर दोन पानांनी नव्या अर्थाने भेटतो. सूर्य मावळला तरी ‘सेट’, मोडलेले हाड बसवले तरी ‘सेट’, गणितातला संचही ‘सेट’. आणि आमच्या मोसंबीला बारीक फळ धरले की सल्लागार म्हणतात, ‘सेटिंग चांगली आहे.’ ती हे सारे पाठ करू पाहते. दुसरा मार्ग आहे काय?

उत्तर (परभणी):
पाठांतराचा नाद सोडावा. ऑक्सफर्ड इंग्रजी कोशाच्या १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत सर्वांत लांब नोंद याच शब्दाची होती; पुढे ‘रन’ने त्याला मागे टाकले आणि त्या एका क्रियापदाचे अर्थ ६४५ भरले. त्याऐवजी मूळ पाहावे. ‘सिट’ म्हणजे बसणे आणि ‘सेट’ म्हणजे बसवणे. आपल्याकडे जसे प्रयोजक रूप होते, तसेच हे जुन्या इंग्रजीतले रूप आहे. हाड बसवणे, अंगठीत खडा बसवणे हे अर्थ त्यातून सरळ उलगडतात. संच या अर्थाचे नाम मात्र बव्हंशी निराळ्या कुळातले असून, ते अनुयायांचा गट अशा अर्थाच्या लॅटिन ‘सेक्टा’पासून फ्रेंचमार्गे आले आणि उच्चार सारखा असल्याने दोन्ही शब्द एकमेकांत मिसळले. (प्राध्यापकपदासाठीची ‘सेट’ परीक्षा यात धरू नये, ती केवळ आद्याक्षरे आहेत.)

उत्तर (लातूर):
‘बसवणे’ सगळीकडे पुरत नाही. गजर आपण लावतो, आग लावतो, आणि विरजण घातल्यावर दही लागते. या तिन्ही ठिकाणी इंग्रजीत ‘सेट’च येतो. आपल्या ‘लागणे’चा पसारा तरी काय लहान आहे? भूक लागते, ठेच लागते, निकाल लागतो, नोकरी लागते आणि नशीब असेल तर बोअरला पाणीही लागते. हे आपण कधी पाठ केले नाही, कारण शेजारचा शब्दच अर्थ सांगतो. म्हणून मुलीने वहीत सुटा ‘सेट’ न लिहिता त्याच्या जोडीच्या शब्दासह पूर्ण वाक्य लिहावे.

प्रश्नकर्ता:
आभारी आहे. वही आजच सुरू केली. पण मोसंबीचे फळ ना बसते, ना लागते; आमच्याकडे ते ‘धरते’.

उत्तर (परभणी):
मग वहीत ‘धरते’ असेच लिहावे. तिथे माझे ‘बसवणे’ खरोखरच बसत नाही.