कुत्र्याला शिकवणं: गरज की शहरी हौस?

मुळाकाठची
आमच्या सोसायटीत सध्या वाद पेटलाय. पाळलेल्या कुत्र्यांना प्राथमिक शिक्षण सक्तीचं करावं, असं काही सभासदांचं म्हणणं. सक्ती कोण आणि कशी करणार, देव जाणे. पण शिकवलंच पाहिजे, या मताची मी आहे. शिकवणं म्हणजे पाहुण्यांपुढे 'शेक हँड' नव्हे. हाक मारली की येणं, पट्टा न ओढता चालणं, तोंडातलं सोडणं आणि अंगाला हात लावू देणं, एवढं आलं तरी खूप झालं.

शेवटच्या गोष्टीकडे कुणी बघतच नाही. रोज जेवणाआधी पंजा हातात घ्या, बोटं फाकवून बघा, खाऊ द्या. कान उलटून बघा, खाऊ. ओठ वर करून दात बघा, खाऊ. मग गोचीड काढायची असो की नखं कापायची, तिघांनी धरून मुसकं बांधायची वेळ सहसा येत नाही. भेदरलेला कुत्रा तपासताना नेमकं दुखतंय कुठे, हे डॉक्टरांनाही समजत नाही.

आणि 'सोड'! बिर्याणीच्या गाड्यांपाशी सकाळी हाडांचा सडा असतो. शिजवलेलं कोंबडीचं हाड फुटून टोकदार होतं, आतड्यात रुतू शकतं. तोंडात बोटं घालायला गेलात की कुत्रा घाईघाईने गिळतो. त्यापेक्षा पिल्लू असतानाच अदलाबदल शिकवा: चप्पल सोड, पनीर घे.

वाघरवाला
पनीर! आमच्या भागात धनगरांची कुत्री मेंढरं राखतात. त्यांना कुणी क्लास लावला? पिल्लू थोरल्या कुत्रीच्या मागे हिंडून शिकतं. रात्री वाघरीबाहेर, म्हणजे मेंढरं कोंडतात त्या जाळीबाहेर, कुठे पडून राहायचं, लांडग्याचा वास आला की कुठल्या बाजूने भुंकायचं, सगळं. तुम्ही त्या जनावराला दुसऱ्या मजल्यावर कोंडता, कामधंदा काढून घेता, आणि ते सोफा फाडतं म्हणून शिकवणी लावता. दोष सोफ्याचा की कुत्र्याचा?

मुळाकाठची
दोष दोघांचाही नाही. पण तुम्ही सांगितलंत तेही शिक्षणच की. फ्लॅटमधल्या पिल्लाला थोरली कुत्री नाही, म्हणून ते माणसाला करावं लागतं. दुसऱ्या मजल्यावर काम नाही हे खरंच आहे. मग वास घेऊन खाऊ शोधायला लावणं हे त्याचं काम. पंधरा मिनिटं नाक चालवलं की कुत्रा गपगुमान झोपतो.

साळुंकी
नाकावरून आठवलं. १९९३च्या स्फोटांनंतर मुंबई पोलिसांच्या झंजीर नावाच्या लॅब्राडोरने तीन हजार किलोंहून जास्त आरडीएक्स शोधून दिलं होतं. शिक्षणाची ताकद!

चिमटा
आमच्या बंड्याला आरडीएक्स शोधायचं नाहीये, साळुंकीताई. त्याने लिफ्टमध्ये जोशीकाकूंच्या पिशवीतली कोळंबी शोधू नये, एवढंच मागणं आहे.

ठाणेकर काका
माझा विरोध शिकवणाऱ्यांना आहे. ओळखीच्या घरचा जर्मन शेफर्ड महिनाभर 'राहून शिकायला' पाठवला होता. परत आला तो अगदी शिस्तीत. पण कुणी पट्ट्याला हात घातला की जमिनीला चिकटून मुततो. तिथे चोक चेनने, म्हणजे ओढली की गळा आवळणाऱ्या साखळीने, झटके देत असणार, दुसरं काय? ही शिस्त म्हणायची? त्यापेक्षा न शिकलेला, सोफा फाडणारा बरा.

कडक चहा
काका, थोडा धाक हवाच. लांडग्यांच्या कळपातही एक अल्फा, म्हणजे म्होरक्या असतो. घरात तो आपण व्हायचं, नाहीतर कुत्रा होतो.

मुळाकाठची
ही अल्फाची गोष्ट आता सोडून द्या. ती पिंजऱ्यात एकत्र कोंडलेल्या, एकमेकांना अनोळखी लांडग्यांवरून आली. जंगलातला कळप म्हणजे बहुधा आई, बाप आणि त्यांची पिल्लं. लांडग्यांचे अभ्यासक असलेल्या ज्या डेव्हिड मीच यांच्या लिखाणातून ही कल्पना पसरली, त्यांनीच १९९९ साली ती खोडून काढली. वेल्सने तर शॉक देणाऱ्या पट्ट्यांवर २०१०मध्येच बंदी घातली. आणि धाकाने गुरगुरणं थांबतं, भीती नाही. गुरगुरणं ही कुत्र्याची आगाऊ सूचना. ती मारून बंद केलीत की तो सूचना न देता चावतो.

काका, तुमचं पटतं. कुत्रा बाहेर पाठवून शिकवूच नये. घरातल्या कुणीतरी समोर बसावं, आणि शिकवणारा चेन हातात घेतोय असं दिसलं की उठून यावं.

वाघरवाला
अंगाला हात लावू देण्याचं मान्य. आमच्याकडे रेबीजची लस टोचायला माणसं आली की अर्धी कुत्री रानात पळतात, उरलेल्यांना घोंगडीखाली दाबतात. पण बाकीचं तुमच्या सोसायटीचं दुखणं. चालायला मोकळं रान असतं तर पट्टा ओढण्याचा प्रश्नच आला नसता.

नवी पालक
मध्येच विचारते. माझं पिल्लू दोन महिन्यांचं आहे. लसी पूर्ण होईपर्यंत बाहेर काढू नका म्हणतात. मग शिकवायचं कधी?

मुळाकाठची
आजपासून. पहिल्या तीन महिन्यांत जे ओळखीचं होतं, त्याची पुढे भीती कमी वाटते. जमिनीवर सोडू नका, पण कडेवर घेऊन गेटपाशी उभ्या राहा. रिक्षा, हेल्मेटवाला, कचऱ्याची गाडी, सगळं लांबून दाखवा आणि खाऊ द्या. घाबरलं तर आणखी लांब जा.

चिमटा
आणि कोळंबीही आत्ताच दाखवून ठेवा. लांबूनच.