रोटरीत व्हॉल्व्हच नाही, मग इनटेक पोर्ट उघडतं-मिटतं कोण?

तीनकोनी:
मंडळी, जुन्या माझदा आरएक्स-७ चं टर्बो नसलेलं १३बी रोटरी इंजिन (पिस्टनऐवजी तीनकोनी रोटर फिरतो ते) खोलून बसलोय. ४००० आरपीएमच्या वर गाडी ओढतच नव्हती म्हणून खोललं, आता डोकंच चालेना. दोन रोटरच्या मधल्या प्लेटला दोन्ही बाजूंनी हवा आत यायचं एकेक पोर्ट, पुढच्या-मागच्या प्लेटला दोन-दोन, त्यातल्या एकेकात नळीसारखं काहीतरी. पिस्टनवालं कळतं, व्हॉल्व्ह उचलला की हवा आत. इथे नुसती भोकं!

सीलवाला:
रोटरच उघडतो आणि रोटरच मिटतो. एक प्लेट आडवी ठेव, शाफ्ट-रोटर बसव आणि हाताने हळू फिरव, रोटरची कड पोर्टवरून सरकत्या दारासारखी जाताना दिसेल. पिस्टनवाल्यात व्हॉल्व्ह कधी उघडायचा ते कॅम ठरवतो, इथे भोकाचा आकार हाच तुझा कॅम. रोटरच्या एका फेऱ्यात शाफ्ट तीनदा फिरतो, म्हणून एका कप्प्याचं (रोटरची एक बाजू आणि भोवतीची भिंत यांच्यामधली जागा) सक्शन शाफ्टच्या २७० अंशांएवढं चालतं, पिस्टनला १८० धर.
खरी मजा मिटणाऱ्या कडेत आहे. पोर्ट उशिरा मिटलं तर वरच्या आरपीएमला जोरात येणारी हवा शेवटपर्यंत घुसत राहते, पण खाली तीच हवा रोटर उलटी ढकलून देतो आणि गाडी मरगळते. म्हणून सहा पोर्ट. नळीवालं सगळ्यात उशिरा मिटतं, आणि नळी फिरून ते उघडतं फक्त वरच्या आरपीएमला. नळ्या कार्बनने जाम झाल्या असतील तर तुझी तक्रार तिथेच आहे बघ.

तीनकोनी:
अरे वा. मग ग्राइंडर घेऊन सगळीच पोर्ट मोठी केली तर??

जुनीखोड:
थांब रे बाबा. आतल्या बाजूला ऑइल सीलची रिंग फिरते, तिच्या वाटेत पोर्ट गेलं की तेल जळून निळा धूर. बाहेरच्या बाजूला रोटरच्या कोपऱ्यातलं कॉर्नर सील, त्याला खालून आधार गेला तर ते भोकात अडकून तुटणार. ब्रिज पोर्ट करणारे कॉर्नर सीलच्या वाटेपलीकडे वेगळी फट पाडतात आणि मध्ये लोखंडाची पट्टी सोडतात, ती पट्टी म्हणजेच ब्रिज. रोजच्या गाडीला हे नकोच, आयडलला (गाडी उभी, इंजिन चालू) धडधड करते.
पेरिफेरल पोर्ट तर त्याहून वरचं. भोक थेट रोटर हाउसिंगमध्ये, म्हणजे रोटरभोवतीच्या भिंतीत, कुठल्या ना कुठल्या कप्प्याला कायम उघडं, त्यामुळे एक्झॉस्टचा गॅस ताज्या हवेत मिसळतो. १९६७ च्या जर्मन एनएसयू आरओ ८० गाडीला हेच होतं, आणि १९९१ ला ल मॉंची २४ तासांची शर्यत जिंकलेल्या माझदा ७८७बी लाही, पण तिला सिग्नलला थोडीच थांबायचं होतं. आरएक्स-८ च्या रेनेसिस इंजिनात मात्र एक्झॉस्टपण साइडच्या प्लेटला नेलं आणि ओव्हरलॅपच (इनटेक-एक्झॉस्ट एकाच वेळी उघडं असणं) संपवला.

तीनकोनी:
नळ्या बघितल्या. पुढची बोटाने फिरते, मागची पकडीनेही हलेना, कार्बन नुसता खडकासारखा.

सीलवाला:
सापडलं की! क्लीनर मारून रात्रभर ठेव, ओरबाडू नको. आणि एवढ्यासाठी नुसतं इनटेक मॅनिफोल्ड (इंजिनात हवा नेणारे पाइप) काढलं असतंस तरी चाललं असतं, हे आता सांगून उपयोग नाही म्हणा 😄