पुळणीवरची वाडी पुन्हा उभी करताना सुरुवात कोठून करावी?

पुळणकाठ:

नमस्कार. दापोली तालुक्यात समुद्रापासून साधारण दीडशे मीटरवर आमची १८ गुंठ्यांची वडिलोपार्जित वाडी आहे. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात तिच्यातले निम्म्याहून अधिक माड आणि जवळजवळ सर्व पोफळी आडव्या झाल्या आणि पुढे काही वर्षे तिकडे कोणी फिरकले नाही. निवृत्तीनंतर मी आता गावी राहायला आले आहे. रासायनिक खते आणि औषधे न वापरता, तसेच आज तिथे नांदणारी पाखरे, फुलपाखरे, बेडूक आणि धामणी यांना न हुसकावता ही वाडी पुन्हा लावावी, अशी माझी इच्छा आहे.

गेल्या पावसाळ्यात लावलेल्या आंबा आणि चिकूच्या २५ कलमांपैकी १७ मेली. जी जगली त्यांची पालवी समुद्राच्या बाजूने करपलेली आहे. एप्रिलनंतर विहिरीचे पाणी मचूळ लागते. समुद्राच्या अंगाला चिऱ्याची उंच भिंत घाला, पातेरा (गळलेला सुका पाला) जाळून जागा साफ करा, नाहीतर साप येतील, असे शेजारी सांगतात. रोपे देणाऱ्याचे म्हणणे असे की वाळूत मीठ मुरले आहे, त्यामुळे लाल मातीचे चार ट्रक आणून टाकल्याशिवाय गत्यंतर नाही. यांपैकी आधी काय करावे?

आगरी_माळी:

ताई, आधी काहीच करू नये, विशेषतः पातेरा जाळू नये. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि पुळणीच्या वाळूत पाणी क्षणभरही थांबत नाही, त्यामुळे जमिनीत मीठ साचून राहण्याची भीती मुळात कमी असते. मिठाबरोबर खताचा अंशही त्याच पाण्याने खाली जातो, हे खरे दुखणे आहे. वाळूला ओल आणि कस धरून ठेवणारी एकच वस्तू तुमच्याकडे फुकट पडते, ती म्हणजे पातेरा; तो जाळून वर विकतची माती आणणे हा व्यवहार मला तरी कळत नाही. नवीन माडाच्या खड्ड्यात तळाशी नारळाची सोडणे (काथ्याची साले) पोकळ बाजू वर करून रचावीत. ती पाणी धरतात आणि काही वर्षे टिकतात.

कलमे मेली ती बहुधा वाऱ्याने. लाटांचे तुषार घेऊन येणारा वारा पालवीवर मीठ बसवतो आणि पाऊस ते धुऊन टाकीपर्यंत कोवळा शेंडा जळून जातो. भिंतीवरून आलेला वारा पलीकडे भोवरा होऊन खाली आदळतो, त्यामुळे भिंतीमागची रोपे कधीकधी उघड्यावरच्या रोपांपेक्षा वाईट अवस्थेत दिसतात. याउलट वारा गाळून घेणारी जिवंत वई, म्हणजे झाडांचे कुंपण, तिच्या उंचीच्या सुमारे दहा पट अंतरापर्यंत आडोसा देते. पुळणीवर मर्यादवेल पसरली असेल तर तिला हात लावू नये, कारण वाळू तिनेच धरून ठेवलेली असते. तिच्यामागे केवडा आणि निर्गुडी, त्यामागे भेंड, करंज आणि उंडी अशी उतरंड लावावी. ही सर्व झाडे खाऱ्या वाऱ्याला सरावलेली आहेत. करंजाच्या मुळांवरच्या गाठी नत्र धरतात, त्याच्या फुलांवर मधमाश्या तुटून पडतात आणि उंडीच्या फळांसाठी रात्री वटवाघळे येतात. चिकू खारा वारा बऱ्यापैकी सोसतो, आंबा तितका सोसत नाही. म्हणून आंबा घरामागे न्यावा. वई वाढेपर्यंत, म्हणजे निदान दोन पावसाळे, प्रत्येक कलमाला समुद्राच्या बाजूने झापाचा (विणलेल्या झावळीचा) आडोसा द्यावा.

माडासाठी रत्नागिरीजवळच्या भाट्ये येथील प्रादेशिक नारळ संशोधन केंद्रात बाणवली या उंच जातीच्या रोपांची चौकशी करावी आणि दोन माडांत साडेसात मीटर अंतर ठेवावे. पूर्वीच्या लोकांनी ते राखले नाही, पण त्यांच्याकडे शिंपायला माणसे होती.

कातळसडा:

वरील उत्तराशी मी बहुतांशी सहमत आहे. मात्र उंडी सावकाश वाढते आणि तोवर थांबण्याइतका धीर सगळ्यांना नसतो. मधल्या काळासाठी गिरिपुष्पाच्या फांद्या पहिल्या पावसात कुंपणाला खोचाव्यात. त्या लगेच फुटतात आणि त्यांचा पाला छाटून माडाच्या आळ्यात घालता येतो. कोणी सुरूचे झाड लावायला सांगेल, कारण तो झपाट्याने वाढतो; पण त्याच्या काड्यांच्या थराखाली दुसरे फारसे काही उगवत नाही, त्यामुळे तुमचा हेतू त्याने साधणार नाही. जुने उंच सुरू वाडीत असतील तर मात्र तोडू नयेत, कारण समुद्री गरुड घरट्यासाठी अशीच उंच झाडे शोधतो.

गोडी_विहीर:

पाण्याबद्दल लिहितो. किनाऱ्यावरच्या विहिरीत गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असते, कारण ते हलके असते. समुद्रसपाटीच्या वर गोड्या पाण्याची पातळी एक फूट असेल, तर खाली सुमारे ४० फूट गोडे पाणी असते. हे गणित उलटेही लागू पडते, म्हणजे उपसा करून पातळी थोडीशी उतरवली तरी खालचे खारे पाणी पुष्कळ वर चढते. रहाटाच्या काळात हा त्रास कमी होता, कारण रहाट हळूहळू उपसत असे. मोठा पंप दोन तास चालवण्याऐवजी लहान पंप सकाळ-संध्याकाळ थोडा थोडा वेळ चालवावा, आळ्यांत पातेऱ्याचा जाड थर ठेवावा आणि कौलांवरून पडणारे पाणी गाळून विहिरीजवळच्या शोषखड्ड्यात सोडावे. मचूळ पाणी मोठ्या माडाला चालते. नव्या कलमांना ते देऊ नये.

आगरी_माळी:

एक गोष्ट राहिली आणि ती महत्त्वाची आहे. वादळात पडलेल्या माडांची खोडे अजून वाडीत कुजत असतील, तर ती मात्र आधी हलवावीत. इतर झाडांचे ओंडके सरडे आणि बेडकांसाठी कोपऱ्यात खुशाल ठेवावेत. माडाच्या कुजक्या खोडात आणि शेणखताच्या उघड्या खड्ड्यात गेंड्या भुंगा अंडी घालतो आणि मग नव्या माडाचा सुईसारखा कोवळा शेंडा पोखरतो. खतखड्ड्यात मेटारायझियम बुरशी मिसळावी, तिने अळ्या मरतात. लहान माडांच्या वरच्या बेचक्यांत वाळू आणि निंबोळी पेंड समप्रमाणात भरावी. झावळ्यांखाली पांढरी माशी आणि खालच्या पानांवर काजळी दिसली तरी फवारणीचा मोह आवरावा. २०१६ मध्ये भारतात प्रथम नोंदल्या गेलेल्या चक्राकार पांढऱ्या माशीला आवरणारी एन्कार्सिया नावाची बारीक गांधीलमाशी फवाऱ्याने आधी मरते.

पुळणकाठ:

सर्वांचे मनापासून आभार. भिंत आणि लाल माती, दोन्ही बेत सोडले. माडाची अकरा खोडे अजून पडून आहेत; ती या आठवड्यात फोडून घेते, सरपणाला होतील. पातेऱ्यात साप येतात ही भीती घरच्यांची आहे, त्यावर काय करावे? आणि आमच्या ओसरीचा दिवा थेट पुळणीवर पडतो, त्याने काही बिघडते का?

आगरी_माळी:

पातेरा घरापासून आणि पायवाटेपासून पाच-सहा मीटर दूर ठेवावा आणि रात्री विजेरी घेऊनच फिरावे. धामण उंदीर खाते, तिला राहू द्यावे. विषारी साप घराजवळ दिसला तर सर्पमित्राला बोलवावे.

दिव्याने मात्र बिघडते. आपल्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवे साधारण नोव्हेंबर ते मार्च या काळात अंडी घालतात आणि ४५ ते ६० दिवसांनी पिल्ले बाहेर येतात. जिकडे क्षितिज अधिक उजळ दिसते तिकडे ती धावतात, म्हणजे समुद्राऐवजी तुमच्या ओसरीकडे. केवड्याची रांग उंच झाली की हा उजेड आपोआप अडेल. तोवर मे अखेरपर्यंत मागच्या दारचा दिवा वापरावा.