आईचा हात वर जात नाही, रेडिएशन अडकलंय. व्यायाम सुचवा (तातडीचे)

मोगरा_लातूर
आईचं स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालंय. तिला रेडिएशनच्या प्लॅनिंगला (कुठे आणि कसं द्यायचं ते आखायला) नेलं होतं. टेबलावर झोपवून डावा हात डोक्याच्या वर घ्यायला सांगितला. गेलाच नाही, अर्ध्यातच कळ येते. "हात वर जायला लागला की या" म्हणून परत पाठवलं. कसा जाणार, ते कुणी सांगितलं नाही. पुढच्या सोमवारी परत बोलावलंय. शेजारच्या काकू म्हणतात, व्यायाम केला की हात सुजतो आणि जन्मभर उतरत नाही, त्यामुळे आई हात हलवायलाच तयार नाही. मला फक्त व्यायाम सांगा, कोणते आणि दिवसातून किती वेळा. काढे आणि पथ्य नको, ते सांगणारे घरी भरपूर आहेत.

भीमथडी
ऑपरेशन कधी झालं? पूर्ण स्तन काढला की फक्त गाठ? काखेतल्या गाठी (लसिकाग्रंथी) काढल्या का? केमो झाली? वय? हातावर सूज आहे का? ताई, यातलं काहीच लिहिलेलं नाही. व्यायाम कशाच्या आधारावर सांगायचा?

देशावरचा
मला फ्रोझन शोल्डर होता, म्हणजे खांदा धरला होता. ऑर्थोने (हाडांच्या डॉक्टरने) सांध्यात इंजेक्शन दिलं, हळूहळू हात सुटला. ऑर्थोकडे जा, उगाच वेळ घालवू नका.

भीमथडी
@देशावरचा, तुमचं कॅन्सरचं ऑपरेशन झालेलं नव्हतं. इथे छातीच्या आणि काखेच्या टाक्यांचा प्रश्न आहे.

मोगरा_लातूर
वय ५८. डावी बाजू, पूर्ण स्तन काढला, गणपतीच्या आधी. मग केमो, शेवटची संक्रांतीनंतर. रिपोर्टमध्ये काखेच्या गाठींपुढे ३/१८ लिहिलंय, म्हणजे काय? सूज दिसत नाही, पण डाव्या हातातल्या बांगड्या वर सरकत नाहीत, आधी सरकायच्या. शुगर आहे, गोळ्या चालू आहेत. मामी रोज महानारायण तेलाने दाबून मालिश करते आणि गरम पाण्याच्या पिशवीने शेकते. आता सांगा व्यायाम.

खडीसाखर
मी फिजिओथेरपिस्ट आहे, कॅन्सरचे पेशंट बघते. मोगराताई, आधी ते दाबून मालिश आणि शेक आजपासून बंद. काखेतल्या गाठी काढताना तिथली एक नस बऱ्याचदा कापली जाते, त्यामुळे काख आणि दंडाच्या आतली कातडी बधिर असते. पिशवी जास्त गरम असली तरी आईंना कळणार नाही, भाजेल. शिवाय उष्णतेने हाताकडे रक्त जास्त येतं आणि ज्या हातातल्या पाण्याचा निचरा गाठी काढल्यामुळे आधीच कमी झालाय त्यावर भार वाढतो.

३/१८ म्हणजे १८ गाठी तपासल्या, त्यातल्या ३ मध्ये आजार होता. इतक्या गाठी काढल्यावर हात सुजण्याचा, म्हणजे लिम्फेडेमाचा, धोका ढोबळमानाने पाचात एक असतो. एकदोनच गाठी काढून तपासल्या तर तो बराच कमी, साधारण वीसात एक. काखेवर रेडिएशन झालं की धोका आणखी वाढतो, वजन जास्त असलं तरी वाढतो.

दोन गोष्टी सांगा. हात बाजूला उचलल्यावर काखेतून कोपराकडे कातडीखाली ताणलेली दोरी दिसते का? आणि तुम्ही आईंचा हात उचलून दिला तर तो वर जातो, की तुमच्याकडूनही अडतो?

हडसनकाठ
आम्ही न्यू जर्सीत. माझ्या नणंदेने पहिल्या दिवसापासून स्लीव्ह (सूज येऊ नये म्हणून हातावर घालायची घट्ट बाही) घातली, हात अजिबात सुजला नाही. इथे २०२४ पासून मेडिकेअर (सरकारी आरोग्य विमा) स्लीव्हचे पैसे देतं. ताबडतोब स्लीव्ह आणा.

खडीसाखर
@हडसनकाठ, माप न घेता दुकानातून स्लीव्ह आणायला सांगू नका. मनगटाशी घट्ट बसली की तळवा सुजतो. आणि स्लीव्हने खांदा सुटत नाही, अडचण खांद्याची आहे.

मोगरा_लातूर
दोरी आहे!! एक जाड, दोन बारीक. आम्हाला वाटलं शीर आहे. मी उचलला तरी खांद्याच्या थोडा वर जाऊन अडतो.

खडीसाखर
त्याला कॉर्डिंग म्हणतात. काखेतल्या गाठी काढल्यावर पुष्कळ जणींना होतं, हात जपून छातीशी धरून ठेवला की आखडणं वाढत जातं. ते धोक्याचं नाही आणि ताण देऊन सुटतं. तुम्ही उचलूनही अडतोय म्हणजे सांधाही आखडला असणार. शुगर असणाऱ्यांचा खांदा लवकर धरतो, तिथे देशावरचा यांचं म्हणणं अगदीच बाजूला टाकू नका.

व्यायाम. उताणं झोपून दोन्ही हातांत लाटणं किंवा काठी धरायची, चांगल्या हाताने दुखऱ्याला डोक्यामागे न्यायचं, कळ यायच्या आधी थांबून पाच श्वास मोजायचे. भिंतीकडे तोंड करून बोटांनी वर चढायचं, पोचलं तिथे पेन्सिलची खूण. मग भिंतीला कूस करून तेच. बसून खांद्याची पाती मागे जवळ आणायची. प्रत्येक दहा वेळा, दिवसातून तीन-चारदा, थोडं थोडं. ताण जाणवला पाहिजे, कळ नको. दुखण्याची गोळी आधी अर्धा तास घेता येते का, ते डॉक्टरांना विचारा. वेणी घालणं, कपडे वाळत घालणं डाव्या हातानेही करू द्या.

पण हे फिजिओला दाखवून करा. आणि सोमवारची वाट न बघता रेडिएशन विभागाला फोन करून कॉर्डिंगचं सांगा. रेडिएशन फार लांबवता येत नाही, किती दिवस थांबता येईल हे त्यांनीच ठरवायचं. हात थोडा कमी वर गेला तरी चालेल का, तेही विचारा.

भीमथडी
बांगड्यांचं राहिलं. तीच सुरुवात असू शकते. दोन्ही हातांची मापं टेपने घ्या: मनगट, कोपराच्या खाली आणि वर ठरावीक अंतरावर. २ सेंटीमीटरचा फरक आला तर दाखवायलाच हवं. माझ्या बायकोच्या वेळी कुणी आधी माप घेतलं नव्हतं, म्हणून हात कधी वाढायला लागला ते समजलंच नाही.

देशावरचा
मग सूज सुरू झाली असेल तर व्यायाम बंदच ठेवायला हवा ना? काकू बरोबरच म्हणतात.

खडीसाखर
नाही. २००९ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये अमेरिकेतला अभ्यास आला. आधीच हात सुजलेल्या १४१ बायका, त्यातल्या निम्म्यांनी देखरेखीखाली हळूहळू वजन वाढवत व्यायाम केला. त्यांची सूज वाढली नाही, उलट सूज उसळण्याचे प्रसंग कमी झाले. स्नायू हलले की लसिका (हातात साठणारं पाणी) पुढे सरकते. हात बांधून ठेवणं हे जास्त वाईट. एकदम हंडा उचलायला लावू नका, इतकंच.

मात्र हात अचानक सुजला, दुखला, निळसर झाला तर डॉपलर (रक्तवाहिन्यांची सोनोग्राफी) करून रक्ताची गुठळी नाही ना हे बघतात. लाल, गरम झाला आणि थंडी वाजून ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टर, अँटिबायोटिक लागतं. अशा वेळी मालिश अजिबात नाही.

कृष्णाकाठ
डाव्या हाताचं बीपी घेऊ देऊ नका, इंजेक्शनही नाही, विमानात बसू नका. आम्हाला असंच सांगितलं होतं.

भीमथडी
बीपी आणि विमानाबद्दलचा पुरावा फारसा भक्कम नाही. दुसरा हात मोकळा असेल तर तो वापरा, नसेल तर घाबरू नका. आणि विमानाचं कुणी विचारलंय का?

कृष्णाकाठ
विचारलं नसलं तरी सांगायला हवं.

मोगरा_लातूर
आमच्या गावी कॅन्सरचे पेशंट बघणारा फिजिओ नाही. कुठे जाऊ? परळ लांब पडतं, राहायचा प्रश्न आहे.

भीमथडी
बार्शीचं नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटल तुम्हाला जवळ, तिथे फोन करून विचारा. परळला टाटात फिजिओथेरपी विभाग आहे. राहायला दादरची गाडगे महाराज धर्मशाळा किंवा परळची नाना पालकर स्मृती समिती, दोन्हीकडे आधी चौकशी करून जा. कागदपत्रं लागतात.

मोगरा_लातूर
रेडिएशनवाल्यांशी बोलले. गुरुवारी त्यांच्याच फिजिओकडे बोलावलंय, तिथे आहे हेच माहीत नव्हतं! मापं घेतली, मनगट सारखंच, कोपराच्या वर डावा १.५ ने जास्त. आईला अभ्यासाचं वाचून दाखवलं, काठीचा व्यायाम सुरू केलाय. मामी तेलावरून रुसली आहे.

खडीसाखर
उजवखोऱ्या माणसाचा उजवा हात मुळातच थोडा जाड असतो. आई उजवखोऱ्या असतील तर डावा १.५ ने जास्त हे मी हलक्यात घेणार नाही. मापं आणि रिपोर्ट गुरुवारी घेऊन जा. मामींना सांगा, सूज उतरवायचं मालिश वेगळं असतं, अगदी हलक्या हाताने, धडाकडे नेणारं. ते फिजिओकडून शिकून त्यांनीच करावं.

कृष्णाकाठ
माझ्या सासूबाईंना लेट्रोझोल (स्तनाच्या कॅन्सरवरची हार्मोनची गोळी) चालू आहे, सगळे सांधे धरलेत. त्यांनीही काठीचा व्यायाम करावा का?

भीमथडी
त्यासाठी वेगळा धागा काढा ना, इथे हरवून जाईल. आणि काढाल तेव्हा वय, ऑपरेशन, शुगर सगळं लिहा.