१० मीटर एअर पिस्तूल: ४.४९ की ४.५० हेडचे पेलेट? ग्रुप अचानक पसरला

प्रश्न | कट्ट्यावरचा_नेम
मुलगी १० मीटर एअर पिस्तूल खेळते. क्लबचं पीसीपी पिस्तूल आहे, म्हणजे सिलिंडरमध्ये दाबाने भरलेल्या हवेवर चालणारं. पेलेट (शिशाचे छर्रे) ०.५३ ग्रॅमचे, ४.५० हेडचे (पुढच्या टोकाचा व्यास, मिमीमध्ये). त्याच कंपनीचा नवा लॉट आल्यापासून टेकवून मारलं तरी १० शॉटचं भोक, म्हणजे ग्रुप, बाहेरून बाहेर १२ मिमी येतंय, आधी ७ च्या आत असायचं. ४.४९ घेऊन बघू का? पुढे स्वतःचं पिस्तूल घ्यायचंय, तर काय बघून घ्यावं? आणि .२२ मध्ये गेल्यावर काडतुसं घरी रिलोड करून (रिकामी केस पुन्हा भरून) खर्च वाचतो असं कुणीतरी सांगितलं. खरं आहे का?

उत्तर १ | दहाचा_कागद
आधी आकडे मांडा, म्हणजे घाबरायचं किती ते कळेल. पिस्तुलाच्या टार्गेटवर दहाचं वर्तुळ ११.५ मिमी व्यासाचं. पेलेट ४.५ मिमीचा आणि रेषेला नुसता शिवला तरी दहा मिळतात. म्हणजे पेलेटचं केंद्र मधल्या बिंदूपासून ८ मिमीपर्यंत चालतं. तुमचा १२ मिमीचा ग्रुप केंद्र ते केंद्र ७.५ मिमी, म्हणजे मधोमध बसला तर सगळेच्या सगळे दहा. नुकसान होतं ते हाताची चूक त्यात मिसळली की: काठावरचा दहा नऊ होतो, आणि इनर टेन (दहाच्या आतल्या छोट्या वर्तुळातले शॉट) तर हमखास घटतात. रायफलवाल्यांचं गणित वेगळं. तिथे दहा म्हणजे ०.५ मिमीचा ठिपका आणि गुण दशांशात, त्यामुळे त्यांना हा ग्रुप अजिबात परवडत नाही.

४.४९ की ४.५० हे डब्यावरचं लेबल वाचून ठरत नाही. प्रत्येक बॅरलची आवड वेगळी. एकाच हेड साइजचे दोन लॉट वेगळे वागतात, कारण पेलेटचा साचा (डाय) झिजतो, स्कर्टची (पेलेटच्या मागच्या पोकळ कडेची) जाडी बदलते. म्हणून लॉट नंबर बघून एकेक डबा आणा, टेस्ट करा आणि आवडला तर त्याच नंबरचे सीझनभराचे घेऊन ठेवा.

टेस्ट अशी: पिस्तूल मऊ जबड्याच्या शिकंज्यात धरा. सिलिंडरवर ताण येऊ देऊ नका. पेलेट बदलला की पहिले ५ शॉट मोजायचे नाहीत, बॅरलमध्ये आधीच्या शिशाचा थर असतो. मग १० शॉट एका कागदावर, असे तीन कागद. कॅलिपरने बाहेरची कड ते कड मोजा, ४.५ वजा करा. एका कागदावरून निकाल देऊ नका, नशिबाने एखादा ग्रुप सुंदर येतोच.

उत्तर २ | ओ_रिंग
पेलेटवर खापर फोडण्याआधी पिस्तूल तपासा. ग्रिपचा (मुठीचा) आणि साइटचा (नेम धरायच्या खुणेचा) स्क्रू ढिला आहे का? प्रेशर मॅन्युअलमधल्या किमान आकड्याच्या खाली गेलंय का? मग ब्रीचचा (पेलेट भरायच्या जागेचा) सील, म्हणजे तिथली रबरी ओ-रिंग: टिश्यू पेपरची बारीक पट्टी बॅरल आणि ब्रीचच्या फटीवर ठेवा, पेलेट भरून टार्गेटवर शॉट मारा. पट्टी फडफडली तर हवा तिथूनच सुटतेय, दर शॉटला वेग बदलतोय. ओ-रिंग बदलायला दहा मिनिटं पुरतात. ओ-रिंगला फक्त सिलिकॉन ग्रीस लावा. शिवणयंत्राचं किंवा इंजिनाचं तेल उच्च दाबाच्या हवेजवळ कधीच नको, पेट घेऊ शकतं.

आणि नव्या डब्यातले पेलेट उजेडात फिरवून बघा. वाहतुकीत आदळले की स्कर्ट चेपतात. चेपलेले सरावालाही नकोत.

उत्तर ३ | मनगट
नवीन घेताना ब्रँडपेक्षा ग्रिप आधी बघा. स्टेयर, मोरिनी, पार्दिनी, वाल्थर, फाइनवेर्कबाउ, सगळ्यांची बॅरल मुलीपेक्षा चांगलीच मारणार आहेत. मधलं बोट ट्रिगर गार्डखाली घट्ट बसलं पाहिजे, ट्रिगरचं बोट मात्र लाकडाला कुठेच घासायला नको. घासलं की ओढताना नळी बाजूला जाते आणि शॉट सतत एकाच अंगाला पडतात. डोळे मिटून हात उचला, उघडल्यावर साइट आपोआप सरळ दिसली तर ग्रिप बरोबर. नाही तर लाकूड घासा, पुट्टी भरा.

वजनाची कमाल मर्यादा १५०० ग्रॅम असली तरी किशोरवयीन खांद्याला किलोच्या आसपासचं पुरे. ट्रिगर ओढायचा जोर किमान ५०० ग्रॅम लागतो. ५१०–५२० वर ठेवा, काठावर ठेवला तर तपासणीत ट्रिगर एखाद्या वेळी टांगलेलं वजन उचलत नाही.

जुनं घेत असाल तर सिलिंडरवरची तारीख आधी वाचा. १० वर्षांची मुदत संपलेला स्पर्धेत चालत नाही. नवा सिलिंडर स्वस्त नसतो, किंमत ठरवताना तो धरा. २०० बार (हवेच्या दाबाचं एकक) दाबाचा असेल तर ३०० च्या टाकीवरून भरताना व्हॉल्व्ह अगदी हळू उघडा आणि गेजवरून नजर हटवू नका.

४.५ मिमी आणि २० ज्यूलपर्यंतच्या एअर वेपनला शस्त्र परवाना लागत नाही. मॅच पिस्तूल त्याच्या बरंच खाली असतं. बिल मात्र जपून ठेवा.

उत्तर ४ | दहाचा_कागद
.२२ चं राहिलं. ते रिमफायर आहे, प्रायमर (ठिणगी देणारी टोपी) वेगळा बसवलेला नसतो. पेटणारं मिश्रण केसच्या कडेच्या पोकळीत असतं आणि फायरिंग पिनने ती कडच चेपते. त्यामुळे केस एकदाच वापरायची. रिलोडिंग सेंटरफायरमध्ये (प्रायमर मधोमध वेगळा बसवलेल्या काडतुसात) होतं, आणि आपल्याकडे दारूगोळा परवान्याखाली येतो, घरचा उद्योग नव्हे. .२२ मध्येही खर्च वाचतो तो लॉट टेस्ट करूनच.

कट्ट्यावरचा_नेम
टिश्यूची पट्टी फडफडली! ओ-रिंग मागवली. पेलेट हाताळून मुलीने लगेच जेवणाचा डबा खाल्ला तर चालतं का?

ओ_रिंग
नाही. शिसं आहे. साबण आणि गार पाण्याने हात धुवून मगच डबा, आणि रेंजवर काहीच खायचं नाही. ओ-रिंग बसली की आधी जुन्या डब्यातले दहा मारा, मग नव्यातले.